मावशींच्या हातातली वही काढू नका

गटाच्या बैठकीत आम्ही हे नेहमी पाहतो. साठी ओलांडलेल्या मावशी एखादं नाव विसरल्या, की कुणीतरी पटकन म्हणतं, "राहू द्या मावशी, तुम्ही नुसत्या बसा." हिशोबाची वही दुसरीकडे जाते. घरातही तेच. बाजारहाट, दळणाचे पैसे, सगळं हळूहळू काढून घेतलं जातं. करतो आपण मायेनं, पण डोक्याला काम उरत नाही, चार माणसांत उठबस कमी होते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची अशी १४ कारणं सांगितली, ज्यांवर काही करता येतं. ती सगळी आटोक्यात आली, तर जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांचा हा आजार टळेल किंवा लांबणीवर पडेल. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, एकटेपण आहे. आणि कुणी मनावर घेत नाही ते कमी ऐकू येणंही आहे. कितीतरी आज्यांना घरचे विसरभोळ्या म्हणतात, खरं तर त्यांना नीट ऐकूच गेलेलं नसतं. न ऐकलेलं लक्षात राहणार कसं? मोतीबिंदूही असाच अंगावर काढू नका.

कोडी सोडवा, असं सगळे सांगतात. पेपरातलं शब्दकोडं चांगलंच, पण त्याला वाचता यावं लागतं. अक्षरओळख नसली तरी सुटतील अशी कोडी आपल्याकडे काय कमी आहेत? एकमेकींना हुमाणं घाला. मंगळागौरीला पाठ असलेला नको, नवा उखाणा रचा. ठिपक्यांची रांगोळी बदलून काढा. रोजची तीच असली तर हात आपोआप फिरतो, डोकं झोपलेलंच. थोडं अडलं पाहिजे. पावकी-दीडकी येत असेल तर नातवंडांना शिकवा, शाळेत आता ती कुठली! नुसत्या कोड्यांनी आजार टळतो असं आम्ही म्हणणार नाही. रोजचं चालणं, तंबाखू-मिश्री सोडणं हेही लागतंच.

आता हे सोडवा, कागद न घेता. गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायचं, आणि उरलेल्या रकमेवर महिना शेकडा २ रुपये व्याज. पाच महिन्यांत व्याज किती?

तोवर एक सांगतो. नाव विसरलं आणि मागून आठवलं, तर घाबरू नका. पण रोजच्या वाटेवर घर सापडेना, चहा कसा करायचा ते आठवेना, तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. कधी बी-१२ कमी निघतं, कधी थायरॉइड, आणि औषधानं फरक पडतो. रक्तदाब आणि साखर तर उपकेंद्रातही तपासून मिळते.

हं, उत्तर: १००, ८०, ६०, ४०, २०. एकूण ३०० रुपये. पुढच्या बैठकीत हेच १२,००० च्या कर्जावर विचारा, आणि आधी मावशींना सांगू द्या.