मुक्त देणगी म्हणजे बेहिशेबी देणगी नव्हे

नागपूर विद्यापीठाला कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे मोठी संपत्ती दिली. तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. ही सहेतुक देणगी (वापर दात्याने ठरवलेली). मुक्त देणगीत (वापर संस्थेवर सोपवलेली) दाता असे बंधन घालत नाही. माजी विद्यार्थी आपल्या संस्थेच्या दातामंडळात (देणगीदारांच्या गटात) सामील होऊन दरवर्षी थोडी रक्कम देतात, ती बहुधा अशी असते.

लग्नात कोणी भांडी देतो, कोणी पाकीट. पाकिटातल्या आहेरातून नवे घर त्या वेळची निकड भागवते. मुक्त देणगीचेही तसेच: कधी अडलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क, कधी प्रयोगशाळेतील बिघडलेले उपकरण.

‘मुक्त’ म्हणजे कुणी कसाही खर्च करावा, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मोकळीक फक्त बाब निवडण्याची असते. पैसा संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या राज्य कायद्यानुसार हिशेब ठेवून लेखापरीक्षण (हिशेबांची स्वतंत्र तपासणी) करून घ्यावे लागते. म्हणून पावती अवश्य घ्यावी आणि वार्षिक अहवाल मागून वाचावा. विश्वासाने दिलेल्या पैशाची विचारपूस करणे हा अविश्वास नाही. ती संस्थेविषयीची आस्थाच आहे.