ज्याची ऑर्डर, त्यालाच दिसावी

मस्कतमधल्या चार-पाच जणींनी मिळून फराळाचं एकच ऑनलाइन दुकान मांडलं, असं समजा. मग दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न: ‘माझी ऑर्डर कुठवर आली?’ त्यासाठी ग्राहकाला लॉगिन करून बघता येईल असं पोर्टल हवं. एअरटेबलमध्ये ऑर्डरींचा तक्ता करून त्याला सॉफ्टर जोडलं, की कोड न लिहिता ते उभं राहतं.

खरी मेख पुढे आहे. लॉगिन करणाऱ्याचा ईमेल आणि तक्त्यातल्या ओळीतला ईमेल जुळला, तरच ती ओळ दिसावी, हा नियम डेटालाच लावा. रकाना नुसता पानावरून लपवला, तरी फोन नंबर ब्राउझरपर्यंत पोचलेला असू शकतो. ओमानचा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, शाही फर्मान ६/२०२२, फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. माहिती घेण्याआधी ग्राहकाची स्पष्ट संमतीही घ्या.

दोन खोटे ग्राहक बनवा. एकाच्या नावानं आत शिरून दुसऱ्याची ऑर्डर शोधा. सापडली, तर दुकान अजून उघडू नका.

आणि हो, रियालला तीन दशांश स्थळं ठेवा. दोनच ठेवलीत तर १.३७५ चे १.३८ दिसतात, आणि पाच बैशांसाठीही फोन येतो!