स्पर्श ओळखणारे टेबल

काचेचा पेला पाऊण भरा, हातात धरा आणि वरून, पाण्यातून, त्याच्या आतल्या भिंतीकडे तिरपे पाहा. भिंत चांदीसारखी चकाकेल. पलीकडची बोटे दिसणार नाहीत. आता एक बोट ओले करून बाहेरून काचेवर घट्ट दाबा. बोटावरील रेषान् रेषा दिसू लागेल!

असे का व्हावे? घन माध्यमातून विरल माध्यमाकडे जाणारा प्रकाश क्रांतिक कोनाहून मोठ्या कोनाने आदळला, तर बाहेर न पडता मागे फिरतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. बोट दाबले की काच आणि कातडी यांच्यामधला हवेचा पापुद्रा नाहीसा होतो आणि परावर्तन तेवढ्यापुरते बिघडते. रेषांमधल्या खाचांत हवा उरतेच, म्हणून रेषा स्पष्ट उठतात.

न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफ हान यांनी 2005 साली याच तत्त्वावर अनेक बोटांचे स्पर्श एकदम टिपणारा पृष्ठभाग कमी खर्चात करून दाखवला. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यात कडेने अवरक्त प्रकाश सोडायचा. अ‍ॅक्रिलिकचा क्रांतिक कोन सुमारे 42 अंश, त्यामुळे प्रकाश आतच कोंडून राहतो. बोट टेकले की तेथून तो विखुरतो आणि मागच्या कॅमेऱ्याला ठिपका दिसतो. नुसता वर घिरट्या घालणारा हात मात्र दिसत नाही.

तुम्ही मात्र प्रथम पुठ्ठ्याचे खोके घ्या. (साध्या वेबकॅममधील अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी काढणे नाजूक काम आहे, ते नंतर.) तळाशी वेबकॅम वर तोंड करून ठेवा. वर फोटोफ्रेमची काच, तिच्या कडांना चिकटपट्टी आणि काचेवर ट्रेसिंग पेपर. आता संगणकाला बोटांच्या सावल्या दिसतील. पायथॉन भाषेत, ओपनसीव्ही हा मोफत संच वापरून, रिकाम्या काचेचे चित्र प्रत्येक नव्या चित्रातून वजा करा. जो गडद डाग उरेल त्याचा मध्य म्हणजे बोटाची जागा. पडद्यावर दहा-बारा मासे सोडा. बोट टेकेल तिथे खाद्य पडले असे समजून त्यांनी धावावे.

खरी अडचण पुढेच आहे. सावली अधांतरी हाताचीही पडते, मग टेकलेले बोट ओळखायचे कसे? कागदापासून दूर असलेल्या बोटाची सावली फिकट आणि पसरट असते. टेकताच ती गडद, रेखीव होते. किती गडद झाली म्हणजे स्पर्श मानायचा, ती मर्यादा तुम्ही प्रयोगाने ठरवा. खोलीतला उजेड बदलला की ती पुन्हा ठरवावी लागेल.

आणि हो, कॅमेरा खालून पाहतो. चित्राची डावी-उजवी बाजू अदलाबदल करायला विसरलात, तर बोट डावीकडे टेकेल आणि मासे उजवीकडे धावतील.