नव्या पेटीचा वास आणि विडीचा माल

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वांना माहीत आहे. परंतु या पट्ट्यात खाणीइतकाच जुना आणखी एक धंदा आहे, तो म्हणजे तेंदूपान व विडीचा. जंगलात उन्हाळ्यात पानतोड, गावात घरोघरी विडी वळणे आणि बाजारात तिची विक्री, यावर अनेक कुटुंबे चालतात. या धंद्यात लहान वाटणारी, पण नुकसान मोठे करणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे नव्या पेटीचा वास.

परदेशात सिगार ठेवण्यासाठी खास लाकडी पेटी वापरतात. तिच्यात सुमारे ७० टक्के ओलावा राखावा लागतो. पेटी नवी असेल तर पॉलिश व गोंदाचा वास सिगारला लागतो, म्हणून तिकडचे जाणकार आधी रिकामी पेटी हवेशीर ठेवतात व मगच माल भरतात. आपल्याकडे सिगार नाही, पण तंबाखूचा स्वभाव तोच आहे. तंबाखू आणि तेंदूपान दोन्ही आजूबाजूचा वास ओढून घेतात. एकदा लागलेला वास सहसा पूर्ण जात नाही.

प्रथम वास कशाचा आहे ते ओळखावे. उपाय त्यावरच ठरतो.

१. डोळ्यांना झोंबणारा, तिखट वास प्लायवूडचा असतो. त्यातील गोंदामधून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू महिनोन्‌महिने निघत राहतो. उष्णता व दमटपणा वाढला की तो अधिक निघतो. त्यामुळे मार्चमध्ये बरी वाटलेली पेटी जुलैत पुन्हा वास मारते.

२. थिनर, टर्पेंटाइन किंवा वॉर्निशचा वास रंगकामाचा असतो. वाळल्यावर तो कमी होतो, पण झाकण बंद ठेवले तर आतच कोंडून राहतो.

३. आंबट, कच्चा वास ओल्या लाकडाचा. लाकूड पुरते वाळण्याआधीच पेटी केली की असे होते.

४. कुबट वास बुरशीचा. हा सर्वांत वाईट.

यावर पुढीलप्रमाणे करावे. नवी पेटी झाकण उघडे ठेवून निदान पंधरा दिवस सावलीत, वाऱ्याला ठेवावी. कडक उन्हात ठेवू नये. लाकूड तडकते आणि सांधे उकलतात. आतून वॉर्निश मारलेले असेल तर ते काचकागदाने घासून काढावे व भुकटी कोरड्या फडक्याने पुसावी. पाण्याने पेटी धुऊ नये. ओल लाकडात मुरते आणि बुरशीला निमंत्रण मिळते. आंबट किंवा दमट वासासाठी खाण्याचा सोडा उघड्या वाटीत, अथवा लाकडी कोळसा कापडात बांधून आत ठेवावा व दर आठवड्याला बदलावा.

प्लायवूडची पेटी असेल तर केवळ हवेने भागत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आतल्या बाजूला व कापलेल्या कडांना दोन पातळ हात द्यावेत. लाखेचा थर वास बराच अडवतो. पळसावरची लाख पूर्व विदर्भाला नवी नाही. स्पिरिट लवकर पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय माल भरू नये.

काही दुकानदार वास लपवण्यासाठी पेटीत अत्तराचा फाया, अगरबत्ती किंवा डांबराच्या गोळ्या ठेवतात. ही मोठी चूक आहे. एका वासावर दुसरा चढतो आणि माल दोन्हींचा होतो. रॉकेल व फिनाईलही पेटीजवळ नको.

पेटी तयार झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. एक कोरडे तेंदूपान व चिमूटभर चांगली तंबाखू रात्रभर आत ठेवून झाकण लावावे. सकाळी ती बाहेरच्या तंबाखूशी ताडून पाहावी. फरक जाणवला तर आणखी आठ दिवस थांबावे.

येथे सिगार व विडी यांतला भेद विसरू नये. सिगारला ओलावा हवा, तयार विडीला कोरडेपणा. पान वळण्यापुरते भिजवतात, पण विडी शेकून कोरडी झाल्यावरच पेटीत जावी. गरम विडी लगेच बंद केली तर आत घाम धरतो व बुरशी येते. बुरशी आलेला माल उन्हात टाकून विकू नये, तो काढून टाकावा. राज्यात २०२० पासून सुटी विडी विकण्यास बंदी आहे, तेव्हा माल बंडलातच राहतो. मात्र बंडलाचा कागद वास अडवत नाही.

शेवटी सुतार व ठेकेदार बांधवांसाठी दोन शब्द. पेटी कशासाठी हवी हे सुताराने आधी विचारावे. तंबाखूसाठी असेल तर जुने, वाळलेले लाकूड वापरावे व आतून रंग देऊ नये. आणि ठेकेदाराने हे ध्यानात घ्यावे की वासाची विडी छाटात गेली की मजुरी बुडते ती घरी बसून हजार विड्या वळणाऱ्या बाईची. वास तिच्या घरच्या कपाटात लागला की ठेकेदाराच्या गोदामातच, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. म्हणून पान व तंबाखू देताना दोघांनी वास घेऊन पाहावा व तसे वहीत लिहावे. तंबाखू आरोग्याला घातक आहे हे कोणी नाकारत नाही. पण जोवर हा धंदा कोणाचे पोट भरतो आहे, तोवर पेटीच्या दोषाची किंमत त्या गरीब हाताने मोजू नये.