राबिनालची साक्ष

ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलुखातलं राबिनाल हे माया समाजातल्या अची लोकांचं गाव. इथे २५ जानेवारीला, संत पॉलच्या सणात, ‘राबिनाल अची’ हे नृत्यनाट्य होतं. त्याची मुळं पंधराव्या शतकात जातात. मुखवटे, लाकडी ढोल आणि तुताऱ्यांच्या साथीने युद्धकथा उलगडते: किचे राज्याचा एक योद्धा पकडला जातो, त्याच्यावर खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. पण त्याआधी त्याचं म्हणणं सविस्तर ऐकलं जातं.

१९८२ साली या मुलुखात आलेल्या लष्कराने कोणाचंच काही ऐकलं नाही. १९६० ते १९९६ या काळातल्या यादवीत सुमारे दोन लाख माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. चिशोय धरणासाठी गाव सोडायला नकार देणाऱ्या रिओ नेग्रोत १३ मार्च १९८२ रोजी ७० बायका आणि १०७ मुलं मारली गेली. १८ जुलैला, राबिनालच्या बाजाराच्या दिवशी, प्लान दे सांचेस या वस्तीत अडीचशेहून अधिक लोकांची कत्तल झाली.

अचींचे विधी, शेतीचं ज्ञान आणि गोष्टी तोंडी चालत आलेल्या. ते जपणारी वडीलधारी माणसं आणि बायकाच गेल्यावर पुढच्या पिढीने शिकायचं कोणाकडून? शिवाय वाचलेल्यांना प्रेतं घाईघाईने पुरावी लागली. लष्कराच्या पहाऱ्यात रीतसर अंत्यविधी करणं अशक्यच होतं. १९९४ मध्ये प्लान दे सांचेसच्या थडग्यांचं उत्खनन सुरू झालं, तेव्हा कुठे आप्तांना आपल्या रीतीने निरोप देण्याची वाट मोकळी झाली.

२००४ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने या सांस्कृतिक नुकसानाची दखल घेतली. आर्थिक भरपाईबरोबरच अची संस्कृतीचा अभ्यास आणि प्रसार करा, द्विभाषिक शिक्षक द्या, निकालाचं अचीत भाषांतर करा, मृतांच्या स्मरणाचं प्रार्थनास्थळ सांभाळा, असे आदेश सरकारला दिले.

पुढच्याच वर्षी युनेस्कोने ‘राबिनाल अची’चा गौरव केला. असा गौरव राज्यकर्त्यांना सोयीचा असतो. नाच मिरवता येतो, साक्ष मात्र अडचणीची ठरते. राबिनालकरांनी ही वाटणी मानलेली नाही. गावाच्या सामुदायिक संग्रहालयात स्थानिक परंपरांसोबत यादवीत मारल्या गेलेल्यांचे फोटोही आहेत. यादवीतल्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध अची स्त्रिया वर्षानुवर्षं लढल्या. अखेर २४ जानेवारी २०२२ रोजी त्या अत्याचारांबद्दल, लष्कराने उभारलेल्या नागरी गस्ती पथकांतल्या पाच माजी सदस्यांना प्रत्येकी ३० वर्षांची शिक्षा झाली.

संस्कृती सावरणं म्हणजे सणाला अनुदान देणं, हा समज इथे टिकत नाही. उत्खनन, खटला आणि मातृभाषेतली शाळा हीही त्याच कामाची अंगं आहेत, आणि त्यांचा खर्च उचलणं हे त्या सरकारचं उपकाराचं नव्हे, देण्याचं काम आहे.