सत्तर ग्रॅमचा जीव

गेल्या महिन्यात सकाळचा राउंड आटोपून मी बाहेर पडत होतो. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी हाक मारली. "डॉक्टरसाहेब, जरा घरचं विचारायचं होतं." मला वाटलं, नातवंडाला ताप असेल. पण आदल्या रात्री त्यांच्या घरी मांजर व्यायली होती. चार पिल्लांपैकी तीन गुबगुबीत, चौथं अगदीच किडकिडीत. "तिघं त्याला ढकलून देतात. कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजू का?"

मी माणसांच्या बाळांचा डॉक्टर. तरीही 'नको' हा शब्द चटकन तोंडून गेला, कारण लहानपणी मी तेच केलं होतं. पिल्लाला तळहातावर उताणं धरून ड्रॉपरनं दूध सोडलं. त्याच्या नाकातून बुडबुडे आले आणि दोन दिवसांत ते गेलं. 'आयुष्य नव्हतं' असं घरचे म्हणाले. ते दूध पोटात नव्हे, फुप्फुसात गेलं होतं, हे मला वैद्यकीय शिक्षण घेताना उमगलं.

मावशींसाठी एका पशुवैद्य मित्राला फोन केला. त्यानं सांगितलेले नियम आमच्या नवजात शिशु कक्षातल्या नियमांशी इतके जुळत होते, की मलाच गंमत वाटली.

पहिला नियम : आधी ऊब, मग दूध. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात थंडीनं कुडकुडताही येत नाही. त्याला आईची आणि भावंडांचीच ऊब लागते. अंग गार पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोट फुगतं, उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून पिल्लाच्या तोंडात बोट घालून पाहा. आतून गार लागलं, तर दूध थांबवा. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे फार गरम झालं तर त्याला सरकता येईल. ही ऊब तास-दोन तासांत हळूहळू यायला हवी. कमी वजनाच्या बाळाला आम्ही आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवतो, त्यामागेही हाच विचार आहे.

दुसरा : आईचं दूध सर्वांत आधी. मांजरीच्या चिकातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. आतड्यातून ती रक्तात शिरण्याची वाट जन्मानंतर साधारण पहिल्या दिवसातच बंद होते. त्यामुळे धडधाकट पिल्लांना दहा-पंधरा मिनिटं बाजूला, उबेत ठेवा आणि लहानग्याला एकट्याला सडाशी लावा. असं दिवसातून अनेकदा करा. बऱ्याचदा एवढ्यानंच काम भागतं. आईला मात्र पोटभर खाणं आणि भरपूर पाणी हवं.

तिसरा : गाईचं दूध हा पर्याय नव्हे. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. गाईचं दूध पिऊन पोट भरल्यासारखं दिसतं, पण वाढ होत नाही आणि जुलाब लागतात. इतक्या लहान जीवाला जुलाब म्हणजे थेट धोका. वरचं दूध लागलंच, तर मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पशुवैद्याकडे किंवा प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. डब्यावरच्या प्रमाणातच ती कालवा.

चौथा : पाजण्याची पद्धत. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. आईला पिताना ते असंच असतं. उताणं कधीही नको. कोमट दूध लहान सिरिंजनं (सुई काढून!) थेंब थेंब द्या आणि त्याला चोखू द्या, पिचकारी मारू नका. शंभर ग्रॅम वजनाच्या पिल्लाचं पोट एका वेळी जेमतेम चार मिलिलिटर दूध सामावतं. त्यामुळे थोडं थोडं, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू चोखतच नसेल, तर जबरदस्ती न करता पशुवैद्य गाठा. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं शी-शूच्या जागी हलकेच पुसा. आई चाटते तेव्हाच त्याला ते होतं.

पाचवा : डोळ्यांवर नको, काट्यावर विश्वास ठेवा. जन्मतः पिल्लाचं वजन साधारण शंभर ग्रॅम असतं आणि ते रोज दहा-पंधरा ग्रॅमनी वाढतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. रोज ठराविक वेळी वजन करून लिहून ठेवा. वजन घटलं, नाकातून दूध आलं, श्वास धापेचा झाला किंवा पिल्लू निपचित पडलं, तर उद्यावर टाकू नका.

आता डॉक्टर म्हणून तुमच्यासाठी एक सूचना. व्यायलेली मांजर चावते, ओरबाडते. तसं झालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखान्यात या. हळद-चुना लावून घरी बसू नका.

मावशींचं पिल्लू पहिल्या दिवशी सत्तर ग्रॅम भरलं. तिसऱ्या दिवशी वजन वाढलंच नाही. त्याच दुपारी त्या सुट्टी काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. रात्रीचं पाजणं धाकट्या मुलानं घड्याळाचा गजर लावून सांभाळलं. दहाव्या दिवशी त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. शेवटचा आकडा होता एकशे चव्वेचाळीस.

"दुप्पट झालं, साहेब," मावशी म्हणाल्या. "तीन नंबरच्या खाटेवरची बाळंतीण सारखी विचारते, आपलं बाळ रोज का तोलतात. तिला आता मीच सांगते."

— लेखक शासकीय रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहेत.