जुन्या वॉटर पार्कात मुलांना नेताना



शाळेची सहल म्हटली की पूर्वी वणीचा गड, त्र्यंबकेश्वर, फार तर वेरूळची लेणी, एवढाच तिचा पल्ला असे. आता मुलांना विचारून पाहा, "यंदा कुठे जायचं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणेल, "वॉटर पार्क!" गेल्या डिसेंबरात ओझरच्या एका शाळेतील सातवीच्या मुलांबरोबर मी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. माझ्या वहिनी त्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलांची मोजदाद ठेवायला आणखी एक माणूस हवा, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. मी शिकवतो भूगोल; पण त्या दिवशी शिकवण्यापेक्षा शिकलोच जास्त.

पार्क जुना होता. कमानीचा रंग उडालेला, दोन घसरगुंड्या दोर बांधून बंद केलेल्या. ही करमणूक तशी नवीनच. अमेरिकेत ऑर्लँडो येथे जॉर्ज मिले यांनी १९७७ साली 'वेट अँड वाइल्ड' उघडले, ते आजच्या पद्धतीचे पहिले वॉटर पार्क समजले जाते. २०१६ च्या अखेरीस ते बंदही झाले. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला 'वॉटर किंगडम' सुरू झाले ते १९९८ साली. म्हणजे आपल्या राज्यातही या धंद्याला पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. आता जुने म्हणजे वाईटच असे नव्हे. विहीर आजोबांच्या वेळची असली तरी पाणी गोड लागते. गाळ मात्र वेळेवर काढावा लागतो.

आत शिरताच एका मुलीने विचारले, "सर, इथे एवढं पाणी येतं कुठून?" वाघाडच्या कालव्यावर तिच्या घरची द्राक्षबाग, आवर्तन कधी सुटणार, ही चर्चा ती लहानपणापासून ऐकत आलेली. ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था काढून पाणी मोजून घ्यायचा आणि मोजून वाटायचा परिपाठ घातला, त्या गावची ही मुलगी. तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

उत्तर असे, की पाणी रोज नवे येत नाही, तेच फिरते. कुंडातून पंप ते ओढतो, वाळूच्या फिल्टरमधून गाळतो, त्यात क्लोरीन मिसळतो आणि परत कुंडात किंवा घसरगुंडीच्या माथ्यावर सोडतो. ज्यांच्याकडे ठिबक आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. वाळूत घाण साठली की फिल्टरच्या अलीकडचा दाब चढतो, पलीकडचा उतरतो, आणि पाणी उलटे सोडून वाळू धुवावी लागते. पंपघरातल्या माणसाने आम्हाला काटे दाखवले, तेव्हा ती मुलगी पटकन म्हणाली, "काका, आमच्याकडे दोन काट्यांत एवढा फरक पडला, की आप्पा आधी फिल्टर धुतात!" तो माणूस हसला, पण लगेच त्याने फिल्टर धुवायला घेतला हेही खरे.

क्लोरीनचे तसेच. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तोच हा प्रकार. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला तरी पुरतो; पोहण्याच्या पाण्यात तो साधारण १ ते ३ मिलिग्रॅम लागतो, कारण अंगाचा घाम, माती, आणि स्पष्टच सांगायचे तर लघवी, हे सारे त्यात मिसळत असते. आपली समजूत अशी, की उग्र वास आला म्हणजे औषध भरपूर आहे. खरे तर उलटे आहे. क्लोरीनचा या घाणीशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये होतात. डोळे चुरचुरतात आणि नाकात झोंबते ते त्यांच्यामुळे. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मुलांनी साध्या पाण्याने अंघोळ करावी. ज्याला जुलाब होत आहेत, त्याला मात्र घरीच ठेवावे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू असा चिवट आहे, की क्लोरीनच्या पाण्यातही तो कित्येक दिवस जगतो.

पाणी गढूळ असेल तर तेथूनच परतावे. काठावर उभे राहून तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तळाला गेलेले मूलही दिसणार नाही. त्या जाळीकडे नीट पाहावे. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा कसा चिकटून बसतो, ते आपण पाहतोच. जाळी तुटलेली असेल तर केस किंवा अंग तसेच ओढले जाते. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीत अडकून गेली. २००७ चा तिथला कायदा तिच्या नावाने ओळखला जातो.

आता घसरगुंडी. तीवर माणूस घसरतो तो पाण्याच्या पातळ थरावरून. पंप थकला की थर विरळ होतो, आणि अंग मध्येच अडते. आमचा एक मुलगा असाच वळणावर थांबला. वरच्या माणसाने खाली न पाहताच दुसऱ्याला सोडले. दोघे एकमेकांवर आदळले, एकाचा ओठ फुटला. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "जुनी मोटर आहे, चालायचंच." वहिनींनी त्याच क्षणी सगळ्या वर्गाला त्या घसरगुंडीवरून उतरवले. मुले रुसली. पैसे भरले आहेत, असे एक शिक्षकही पुटपुटले. माझ्या मते वहिनींचेच बरोबर होते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, एक गोष्ट मला स्वतःलाही ठाऊक नव्हती. बुडणारे मूल ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी अशा प्रसंगांचे चित्रण करून हे दाखवून दिले. तोंड कसेबसे पाण्याच्या वर येते ते श्वासापुरते. हाक मारायला सवड कुठली? हात वर हलत नाहीत, दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतात. अंग उभेच राहते. हे सारे वीस ते साठ सेकंदांत आटोपते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, पोरगं खेळतंय! तेव्हा काठावरच्या माणसाने मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर पाण्यावर. कालव्यात डुंबणारी आपली मुले धीट असतात खरी. पण धीट असणे वेगळे आणि पोहता येणे वेगळे. लाटांच्या कुंडात कंबरेएवढे पाणी पाहता पाहता गळ्याशी येते.

निफाडकडची थंडी तर आपल्या माहितीची. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले, की मुलाला बाहेर काढून कोरडे करावे; "अजून पाच मिनिटं, सर" हे ऐकू नये.

आम्ही मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. दर वीस मिनिटांनी शिटी वाजली की प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकदा एक हात एकटाच वर आला, आणि माझ्या छातीत धस्स झाले. जोडीदार वडापावच्या रांगेत उभा होता. संध्याकाळी बसमध्ये मोजदाद केली, बेचाळीस भरली; ओठ फुटलेला मुलगा तेवढ्यात खिडकीशी झोपलाही होता.